साक्षीचा तुकडा

राजारामपुरीत एका तळघरात आमची लॅब.
वर मोबाईलचं दुकान, खाली फॉर्मालिन.
तो वास माझ्या केसांतून घरी येतो
आणि मुलगी ताटावरून उठून लांब बसते.

सकाळी हातात आलेला मेणाचा ठोकळा:
जिनगोंडा मगदूम, वय चौपन्न, टॉन्सिल, उजवी बाजू.
अर्जावर 'सवयी' या रकान्यात
कुणीतरी सवयीनंच लिहिलेलं, तंबाखू.
मग ते खोडून, बारीक अक्षरात:
नाही. पत्नी म्हणते, कधीच नाही.

मार्केट यार्डात गुळाचे सौदे पुकारायचा हा माणूस.
गळ्याला गाठ आली तेव्हा
यार्डानं निकाल लावूनच टाकला,
चोरून खात असणार, आणि काय!
आमच्याकडं निकालाला तीन दिवस लागतात.

आता त्याचा गळा माझ्या पात्याखाली.
तीन मायक्रॉन.
कांद्याच्या पापुद्र्यालाही जाड म्हणावं इतकं पातळ.
श्वास रोखून कापते,
कोमट पाण्यावर फीत तरंगते,
खालून काच घालून अलगद उचलते.
मग कुकर. हो, घरच्यासारखाच,
फॉर्मालिननं आवळून धरलेलं सैल व्हावं म्हणून.
मग पी-सोळाचा थेंब,
आणि थांबणं.

काचेच्या कडेला दरवेळी आणखी एक तुकडा लावते मी.
रंग नीट चढला की नाही, त्याचा साक्षीदार.
गडहिंग्लजच्या एका शिंप्याचा आहे तो, चार वर्षांपूर्वीचा.
लेबलवर आता नुसतं 'कंट्रोल'.
नाव फक्त मला ठाऊक.
तो बरा झाला का, ते मलाही नाही.

दुपारी काउंटरवर पद्मावतीबाई.
पदराचं टोक बोटाला गुंडाळत, खालच्या आवाजात:
'डॉक्टर म्हणाले, विषाणूचा निघाला तर औषध चांगलं लागू पडतंय.
विषाणू असल्याला कुणी चांगलं म्हणतंय व्हय, ताई?
आणि निघालाच, तर
त्यांनी आणला म्हणायचा, का मी दिला?'

उत्तर होतं माझ्याकडं.
की तो बहुतेकांच्या अंगातून कधीतरी येऊन जातो, न कळता,
एखाद्याच्याच घशात वर्षानुवर्षं दडून राहतो.
कुणाकडून, कधी,
हे कुठलाच रंग सांगत नाही.
मी म्हणाले, मॅडमना विचारा.
आणि पाण्याचा ग्लास पुढं केला.
तो त्यांनी घेतला नाही.

संध्याकाळी आधी शिंपी उजळला, मग मगदूम.
पेशीमागून पेशी, केंद्रकासकट, गडद.
इंगवले मॅडम भिंगावरून डोळा न काढता म्हणाल्या,
'सत्तर टक्के लागतात. इथं नव्वदच्या वर आहे.
लिही, पॉझिटिव्ह.'
आमच्या कागदावर सवयीचा रकानाच नसतो.
हे मला आजवर कधी जाणवलं नव्हतं.

पाकीट घेताना बाईंनी उघडलं नाही.
'रंग कसा आला?' एवढंच विचारलं.
बोलायची परवानगी नसते आम्हाला.
तरी मी म्हणाले, 'काकवीसारखा.
आणि तुम्ही मघाशी विचारलंत ना,
ते कुणीच कुणाला दिलेलं नसतं, बाई.'
त्या जरा वेळ पाकिटाकडं बघत राहिल्या.
'काकवीचा म्हणजे अजून चुलीवरच हाय,' म्हणाल्या.
'जाळ सांभाळाय पायजे.'

शिंप्याचा ठोकळा झिजत आलाय,
निघालेच तर आणखी चाळीसेक पापुद्रे.
दिवे मालवताना मॅडम म्हणाल्या,
'पुढचा कंट्रोल मगदूमचाच ठेवू या. भरपूर आहे.'
मी म्हणाले,
'ठेवू. पण आधी त्यांना विचारू या.'
शिंप्याला कुणी विचारलं नव्हतं.